कॅन्सरवरचं झाडपाल्याचं किंवा समुद्रातलं औषध: खरं किती, हे घरच्या घरी कसं शोधायचं

आत्याला ब्रेस्ट कॅन्सर निघाला त्या पहिल्याच आठवड्यात माझ्या फोनवर नऊ उपाय आले. लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा, सदाफुलीची पानं उपाशीपोटी, हळद आणि मिरी, जर्दाळूच्या बियांमधला गर, गव्हांकुराचा रस, गुळवेल, शार्क माशाची म्हणून कुठलीशी कॅप्सूल, अजून दोन आता आठवत पण नाहीत. पाठवणारे सगळे आपलेच, मामा, शेजारच्या काकू, आत्याचे दीर भाऊकाका, कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. भाऊकाका म्हणाले, "अगं तू बॉटनी शिकवतेस, तूच बघ की यातलं काय द्यायचं ते." आणि मला तेव्हा लख्ख कळलं की मला झाडाचं कुळ सांगता येतं, पण हे नाही सांगता येत. मग रात्री बसून शिकले. ज्यांच्या घरी आत्ता हेच चाललंय त्यांच्यासाठी ती सगळी पद्धत इथे लिहितेय, बारावीला सायन्स नसलं तरी जमेल.

शोधायला बसायच्या आधी एक गोष्ट घरात ठरवून टाका, तुमचा शोध पूर्ण होईपर्यंत डॉक्टरांनी दिलेली तारीख पुढे ढकलायची नाही. २०१८ साली अमेरिकेत येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी एक अभ्यास छापला, त्यात २८१ जण असे होते ज्यांचा कॅन्सर पसरलेला नव्हता, बरा होण्यासारखा होता, पण त्यांनी नेहमीचे उपचार न घेता फक्त पर्यायी उपाय घेतले. नेहमीचे उपचार घेतलेल्यांच्या तुलनेत त्यांचा मृत्यूचा धोका अडीच पट निघाला, ब्रेस्ट कॅन्सरमध्ये तर पाच पटीच्या वर. हा आकडा मी भाऊकाकांना दाखवला आणि मगच बाकीचं बोललो आम्ही.

आता झाडातून कॅन्सरचं औषध येतं का? येतं, अगदी येतं, आणि म्हणूनच घरातल्या मोठ्यांना उडवून लावू नका. आत्याला दर आठवड्याला सलाईनमधून जे पॅक्लिटॅक्सल चढत होतं ते मूळचं एका झाडाच्या सालीतलं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल १९६२ मध्ये गोळा केली गेली, आणि त्यातला घटक वेगळा काढून १९७१ मध्ये त्याची रचना जगापुढे मांडली मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी. हे वाणी आपल्या नंदुरबारचे. मुंबई विद्यापीठात शिकले, पुढे नॉर्थ कॅरोलिनात आयुष्यभर हेच काम केलं. मला हे कळलं तेव्हा मी आत्याला वॉर्डमध्येच सांगितलं, तिला इतकं बरं वाटलं ना, की हे जे नसेतून जातंय त्यात आपल्याकडच्या माणसाचा हात आहे.

पण तारखा नीट बघा. झाडाची साल गोळा केली १९६२ ला, रचना १९७१ ला, ते पेशीत नेमकं काय करतं हे सुझन हॉरविट्झ यांनी दाखवलं १९७९ ला, आणि अमेरिकेत औषध म्हणून मान्यता १९९२ च्या शेवटी. तीस वर्षं. कारण झाडात घटक इवलासा, तो पाण्यात विरघळत नाही, साल काढली की झाड मरतं, सगळ्यांना पुरणार कुठून. शेवटी युरोपातल्या यू झाडाच्या पानांतून जवळचा एक घटक काढून त्यावर प्रयोगशाळेत पुढचं काम करून औषध बनवायला लागले तेव्हा कुठे पुरवठ्याचं कोडं सुटलं. आपल्याला घरी बसून करायचंय ते एवढंच, की फोनवर आलेला उपाय या तीस वर्षांच्या रस्त्यावर नेमका कुठल्या मैलावर उभा आहे ते शोधायचं.

पहिलं काम नावाचं. कुठलं झाड, त्याचं शास्त्रीय नाव काय, त्यातला कुठला भाग, पान का साल का बी, आणि ताजं का वाळलेलं. हे कंटाळवाणं वाटतं पण इथेच माणसं दगावली आहेत. आपल्याकडे ब्राह्मी म्हटलं की कुणी बकोपा मोनिएरी देतं आणि कुणी सेंटेला एशियाटिका, दोन्ही वेगळ्या कुळातल्या. बेल्जियममध्ये १९९० च्या सुमाराला ब्रसेल्सच्या एका वजन कमी करायच्या क्लिनिकमध्ये चिनी वनस्पतींच्या गोळ्या देत होते, त्यात नावांच्या सारखेपणामुळे एकीच्या जागी अ‍ॅरिस्टोलोकिया नावाची दुसरीच वनस्पती आली, कितीतरी बायकांच्या किडन्या गेल्या आणि पुढे त्यातल्या बऱ्याच जणींना मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. म्हणून पाठवणाऱ्याला शास्त्रीय नाव विचारा, त्यांना माहीत नसेल तर जवळच्या कॉलेजात बॉटनीच्या सरांना-मॅडमना फांदी नेऊन दाखवा, आम्हाला खरंच आवडतं कुणी विचारलं की. आणि पुडीत भुकटी असेल, पान-फूल काहीच दिसत नसेल, तर ओळख पटवायचा मार्गच नाही, ती बाजूला ठेवा.

दुसरं, घटक कुठला आणि किती. इथे मी सदाफुलीवर जरा थांबणार आहे, कारण ती आपल्या प्रत्येक अंगणात आहे आणि सगळ्यात जास्त गोंधळ तिच्यावरच होतो. सदाफुलीतून व्हिन्ब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन मिळतं हे शंभर टक्के खरं, व्हिन्क्रिस्टिन आजही लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरमध्ये रोज वापरलं जातं. ते सापडलं कसं ते वाचा. जमैकात लोक सदाफुलीचा काढा शुगरसाठी घ्यायचे, जसं आपल्याकडे सकाळी पानं चावतात तसंच. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी तो काढा उंदरांना तोंडाने पाजून बघितला, शुगरवर काही झालं नाही. मग अर्क इंजेक्शनने दिला तर उंदीर थोड्याच दिवसांत इन्फेक्शनने मेले. का, तर त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार खाली गेल्या होत्या. तिथून त्यांना सुचलं की पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात अशा आजारात हे कामाला येईल, आणि १९५८ मध्ये व्हिन्ब्लास्टिन जाहीर झालं.

म्हणजे बघा, तोंडाने दिलं तेव्हा काही नाही आणि नसेतून दिलं तेव्हा विष, आणि मोजून दिलं तेव्हा औषध. एक ग्रॅम व्हिन्ब्लास्टिन काढायला साधारण अर्धा टन वाळलेली पानं लागतात. व्हिन्क्रिस्टिन त्याहून कमी असतं आणि त्याचा एका वेळचा डोस साधारण २ मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत, कारण हातापायाच्या मज्जातंतूंवर परिणाम होतो. आता अंगणातल्या पाच पानांत ते किती असेल, पावसाळ्यात किती, उन्हाळ्यात किती, कुणालाच सांगता येणार नाही, आणि त्या पानांत बाकीचे शंभरेक अल्कलॉइड, म्हणजे झाडातली तीव्र रसायनं, आहेत ती वेगळीच. आणि ज्या माणसाचे काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, केमोने आधीच खाली आहेत त्याला हे द्यायचं? आत्याच्या शेजारच्या काकू हे ऐकून स्वतःहून म्हणाल्या, "नको गं बाई, राहू दे."

प्रमाणाचा हिशोब हळदीवर करून बघा, सोपा आहे. आत्या सांगलीची, हळदीच्या पेठेत वाढलेली, त्यामुळे हळदीबद्दल आमच्या घरात नुसता अभिमान. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के, म्हणजे एका चमच्यात, तीन ग्रॅम धरा, ९० मिलिग्रॅमच्या आसपास. अमेरिकेत २००८ मध्ये स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या २५ पेशंटवर ट्रायल छापली गेली, त्यात रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन दिलं होतं. भागाकार करा, ऐंशी-नव्वद चमचे हळद होते रोजची! आणि एवढं देऊनही रक्तात ते अगदी नगण्य सापडलं, दोघांमध्ये काही परिणाम दिसला, त्यातल्या एकाची गाठ कमी झाली ती पण थोड्याच काळापुरती. २०१७ मध्ये औषध-रसायनाच्या एका मोठ्या जर्नलमध्ये कर्क्युमिनचा सगळा लेखाजोखा आला, त्यात स्पष्ट लिहिलंय की हा रेणू टिकत नाही, शोषला जात नाही, आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना फसवतो, म्हणजे काम करत नसताना केल्यासारखा दिसतो. आमटीत भाजीत हळद असू द्या, ती जेवण आहे. पण मिरीच्या अर्कासोबत येणाऱ्या जास्त ताकदीच्या कॅप्सूलने लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत, त्या हळदीला घरची हळद समजू नका.

तिसरं काम म्हणजे खरा सर्च. गूगलवर नाही, पबमेडवर जा, वैद्यकीय संशोधनाचे पेपर शोधायची ती साइट आहे, फुकट आहे, मोबाइलवर पण उघडतं. तिथे झाडाचं शास्त्रीय नाव आणि पुढे कॅन्सर असं इंग्रजीत टाइप करायचं. शेकड्याने निकाल येतील आणि माणूस हरखून जातो, मी पण गेले होते, वाटलं अरे एवढं संशोधन झालंय आणि आपल्याला कुणी सांगितलं नाही. मग फिल्टर उघडा आणि त्यात क्लिनिकल ट्रायल, म्हणजे माणसांवरच्या चाचण्या, निवडा. शेकड्यांचे दोन-चार राहतात, कधी एकही नाही. तो जो फरक आहे ना, तेच तुमचं पहिलं उत्तर.

मग सारांश वाचा, इंग्रजी जड वाटलं तर फोनमध्ये भाषांतर करून घ्या, फक्त हे शब्द शोधा. "इन व्हिट्रो" किंवा "सेल लाइन" असेल तर प्रयोग काचेच्या डिशमधल्या पेशींवर झालाय. "झेनोग्राफ्ट" असेल तर माणसाच्या कॅन्सरच्या पेशी उंदरात वाढवून त्यावर. "आयसी फिफ्टी" म्हणजे डिशमधला परिणाम अर्ध्यावर आणायला किती तीव्रतेचं द्रावण लागलं तो आकडा, आणि तेवढं माणसाच्या रक्तात कधी पोचतं का हा प्रश्न तिथे लिहून ठेवायचा. डिशमध्ये पेशी मारणं अवघड नाही, मिठाचं कडक पाणी घाला, फिनेल घाला, मरतात. अवघड आहे ते शेजारची चांगली पेशी न मारता मारणं.

लक्ष्मणफळाचा तो "केमोपेक्षा दहा हजार पट" मेसेज मी असाच मागे मागे शोधत गेले. तो आकडा हवेतून आलेला नाही, १९९६ च्या एका पेपरमध्ये आहे. पण तो लक्ष्मणफळाच्या बियांतून वेगळ्या काढलेल्या एका घटकाचा, आतड्याच्या कॅन्सरच्या एका सेल लाइनवर, एका केमोच्या औषधाशी डिशमध्येच केलेल्या तुलनेतला आहे. मेसेजमध्ये बियांची पानं झाली, एका घटकाचा काढा झाला, डिशचा माणूस झाला. आणि त्याच प्रकारच्या घटकांचा संबंध कॅरिबियन बेटांपैकी ग्वादलूपमध्ये पार्किन्सनसारख्या आजाराशी लावला गेलाय, जिथे लोक हे फळ आणि पानांचा चहा नेहमी घेतात. फळ कधीतरी खाल्लं म्हणून घाबरायचं नाही, पण महिनोन्‌महिने काढा नको.

माणसांवरची ट्रायल सापडली तर चार गोष्टी वहीत लिहा: किती पेशंट, कुठला कॅन्सर आणि कुठली स्टेज, दुसऱ्या गटाला काय दिलं, आणि मोजलं काय. "सूज दाखवणारा अमुक मार्कर कमी झाला" आणि "माणसं जास्त जगली" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरा गटच नसेल तर त्यावर निर्णय घेऊ नका. जर्दाळूच्या बियांचं उदाहरण घ्या, ज्याला व्हिटॅमिन बी-१७ म्हणून विकतात आणि जे व्हिटॅमिन नाहीच. १९८२ मध्ये अमेरिकेत १७८ पेशंटवर ते तपासून झालंय, कुणी बरं झालं नाही, आणि काहींच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या जवळ गेलं होतं, कारण शरीरात त्यातून सायनाइडच सुटतं. एवढा जुना निकाल असून आजही तो मेसेज फिरतोय याचं मला खूप वाईट वाटतं.

भारतात कुठली ट्रायल चालू आहे ते बघायला सीटीआरआय म्हणून सरकारी नोंदवही आहे, ऑनलाइन, कुणालाही बघता येते, आयुर्वेदिक औषधांच्या ट्रायल पण त्यात सापडतात. कुणी म्हणालं की आमच्या औषधावर संशोधन चालू आहे, तर नोंदणी क्रमांक मागा. खरी ट्रायल असेल तर तो सांगायला एक मिनिट लागत नाही आणि पेशंटकडून औषधाचे लाख रुपये पण सहसा मागत नाहीत. शिवाय न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलचं "अबाउट हर्ब्स" म्हणून पान आहे, त्यात अश्वगंधा, हळद, गुळवेल सगळं एकेक करून दिलंय, कशासोबत घेऊ नये ते पण. मी सगळ्यात जास्त वेळा तेच उघडलं.

समुद्राचं थोडं वेगळं आहे. तिथे परंपरा नाही, आजीने स्पंजचा काढा केला असं कुणी सांगत नाही, त्यामुळे मेसेज कमी आणि दुकानातल्या डब्या जास्त. पण विज्ञान जबरदस्त आहे. स्पंज, समुद्री ससा, हे मऊ अंगाचे संथ प्राणी, काही तर जागचे हलतही नाहीत, म्हणून स्वतःला वाचवायला रसायनं बाळगतात, आणि त्यातली काही पेशींवर भयंकर परिणाम करतात. फ्लोरिडाजवळच्या एका स्पंजमधले रेणू १९५० च्या सुमाराला सापडले, त्यांच्यावरून सुचून सायटाराबिन बनलं, १९६९ पासून ते ब्लड कॅन्सरमध्ये वापरतात. जपानी स्पंजमधल्या हॅलिकॉन्ड्रिनवरून एरिब्युलिन आलं, २०१० मध्ये मान्यता, पसरलेल्या ब्रेस्ट कॅन्सरसाठी. ही औषधं आज प्रयोगशाळेत बनतात, समुद्रातून कुणी उपसत नाही. गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिथेही आपल्या किनाऱ्यावरच्या जीवांतले असे घटक शोधायचं काम झालंय.

डबीतल्या "मरीन" कॅप्सूलला मात्र हेच सगळे प्रश्न विचारायचे. शार्कला कॅन्सर होत नाही म्हणून त्याची कूर्चा (कार्टिलेज) खा, असं त्या कॅप्सूलवाल्याचं म्हणणं होतं. शार्कला कॅन्सर होतो, नोंदी आहेत. आणि शार्कच्या कूर्चेचा अर्क ३७९ फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटवर केमो-रेडिएशनसोबत तपासलाय, २०१० मध्ये निकाल आला, आयुष्य वाढलं नाही. सर्चला मला वीस मिनिटं लागली.

चौथं काम सगळ्यात तातडीचं आहे, खरं तर हे आधीच लिहायला हवं होतं. उपाय काम करतो का हे नंतर, आधी चालू औषधाशी भांडतो का ते बघा. सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती युरोपात उदास वाटतं म्हणून घेतात, ती घेतल्यावर आयरिनोटेकन या केमोच्या औषधाचा शरीरातला कामाचा भाग ४२ टक्क्यांनी कमी झालेला मोजलाय. पेशंट केमोचा सगळा त्रास सोसतो आणि औषध मात्र अर्ध्याच्या जरा वरच पोचतं. गुळवेलीचं पण, २०२१ मध्ये मुंबईच्या लिव्हर तज्ज्ञांनी सहा पेशंटची नोंद छापली ज्यांना गुळवेल घेतल्यावर लिव्हरला सूज आली. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता, पण केमो चालू असताना लिव्हरवर आधीच ताण असतो, तिथे मी तरी हा धोका घेणार नाही. ऑपरेशन जवळ आलं असेल तर लसणाच्या, आल्याच्या, माशाच्या तेलाच्या कॅप्सूलबद्दल पण विचारा, रक्तस्रावाचा प्रश्न असतो.

आयरिनोटेकन म्हटल्यावर एक सांगायचंच आहे. त्याचा मूळ घटक कॅम्प्टोथेसिन, तो पण वॉल आणि वाणी यांनीच १९६६ मध्ये एका चिनी झाडातून काढला, आणि १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तो आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात दाखवला. नरक्या म्हणजे नॉथापोडायटिस निम्मोनियाना, घाण वास येतो म्हणून हे नाव. माणसांवर मूळ घटक दिला तेव्हा मूत्राशयातून रक्त जाण्याइतका त्रास झाला आणि ट्रायल थांबवाव्या लागल्या. रेणूत बदल करून त्रास आटोक्यात आणायला आणि अमेरिकेत मान्यता मिळायला १९९६ उजाडलं. तोवर आणि त्यानंतरही आपल्या जंगलातून नरक्या तोडून तोडून बाहेर गेला, कितीतरी ठिकाणी आज मोठं झाड दिसत नाही, मुलांना ट्रेकवर दाखवायला शोधावं लागतं. म्हणून एमएस्सीच्या मुलांना जी अशा विषयात प्रोजेक्ट करू बघतात त्यांना सांगते, आधी वनखात्याची परवानगी, जैवविविधता मंडळाचे नियम, मग हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, नमुना जमा करून त्याचा नंबर घ्या, पुण्यात बीएसआयचं (भारतीय वनस्पती सर्वेक्षण) कार्यालय आहे. प्रयोगासाठीच्या पेशी पुण्याच्याच एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेतून मिळतात. आणि कॅन्सरच्या पेशींसोबत निरोगी पेशी ठेवल्याशिवाय निकाल लिहू नका.

जाहिरातीबद्दल एकच, १९५४ चा चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींवरचा कायदा आहे, त्यानुसार अमुक औषधाने कॅन्सर बरा होतो अशी जाहिरात करणं हाच गुन्हा आहे. त्यामुळे "सगळ्या कॅन्सरवर, शंभर टक्के, डॉक्टरांना सांगू नका" हे तीन शब्दप्रयोग एकत्र दिसले तर मी पुढचा सर्चही करत नाही.

शेवटी डॉक्टरांकडे जाताना. ओपीडीत तीन मिनिटं मिळतात, त्यात "घरगुती काही चालेल का" विचारलं तर "काही घेऊ नका" एवढंच उत्तर येतं आणि मग लोक लपवून घेतात. त्याऐवजी मी अर्ध्या पानावर लिहून न्यायचे: शास्त्रीय नाव, कुठला भाग, रोज किती, कधीपासून, आणि खाली चालू औषधांची यादी, मग प्रश्न एकच, "यातलं काही पॅक्लिटॅक्सलला अडवतं का किंवा लिव्हरला जड जातं का?" डॉक्टरांनी कागद फाइलला लावून घेतला, गुळवेलीवर काट मारली, जेवणातली हळद ठेवली, गव्हांकुराच्या रसाला नाही म्हणाले कारण तो कच्चा असतो आणि काउंट कमी असताना कच्च्या गोष्टीतून इन्फेक्शनची भीती. आधीच काही सुरू केलं असेल तरी सांगा, रागावतील म्हणून लपवू नका. आणि घेतल्यावर डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली तर ते बंद करून पुडी किंवा डबी सोबत घेऊन त्याच दिवशी हॉस्पिटलला जा, पुडी फेकू नका, तपासायला तीच लागते.